सहा चमचे मीठ
संत्र्याच्या वासाची ओआरएसची पुडी फोडली की मला घाटातली ती बस आठवते. मी तेव्हा बुलढाण्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते आणि इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातले आरोग्याचे लेख त्यांच्याकडून सुधारून घेत होते. त्या दुपारी एकीने जुलाबावरच्या लेखात साखरमिठाच्या पाण्याची कृती लिहिली आणि बस गाठायच्या घाईत मी न वाचताच "टाक" म्हणाले. मलकापूरच्या बसमध्ये बसून मोबाइलवर तो लेख उघडला, तर लिटरभर पाण्यात सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर! साखर आणि मिठाचे आकडे उलटे पडले होते. दुरुस्त करायला गेले तोच घाट लागला आणि नेटवर्क गेलं. मी उठले, बसले, मोबाइल खिडकीबाहेर धरून पाहिला. घाट उतरल्यावर तिचाच फोन आला. ती रडत होती. "मॅडम, मी आईले फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणे, काऊन वं, लेकराले एवढं मीठ पाजतं का? तवा समजलं मले. बदललं मी लगेच." मी म्हटलं, "चूक माझी आहे, मी वाचलंच नव्हतं." पण ती ओळ तासभर तरी तिथे होती. तेवढ्या वेळात आजारी लेकराच्या कोणा आईने ती वाचली का, हे मला अजूनही माहीत नाही.