एकही नवं भोक न पाडता

गाड्यांच्या एसीचं काम करतो म्हणून त्याला थंडोबा म्हणतात, असं नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं. खरं तर हे नाव त्याला शाळेतच पडलं होतं. सुट्टीची घंटा झाली की सगळा वर्ग मैदानावर पोचायचा आणि हा अजून दप्तराचा बंद लावत असायचा. पुढे धंदाही थंडाव्याचाच मिळाला, हा योगायोग. किंवा नावाला जागला म्हणा हवं तर. पन्नाशी उलटली तरी त्याच्या अंगात घाई म्हणून शिरली नव्हती. सकाळी गाडी टाकून गेलेला माणूस संध्याकाळी यायचा तेव्हा हा पाने पुसत असायचा. पण त्याने हात लावलेल्या गाडीतून गॅस गळाला, अशी तक्रार घेऊन कोणी परत आलं नव्हतं. त्यामुळे लोक त्याच्या नावाने बोटं मोडत आणि त्याच्याकडेच येत.

त्याचा थोरला भाऊ, दादा, म्हणजे दुसरं टोक. दादा इंजिनाचा माणूस. गाडी फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा, आणि मालक उतरायच्या आत बॉनेट उघडून मोकळा व्हायचा. दोघांची शेड एकच. मधोमध जमिनीवर पिवळी रेघ, अलीकडे इंजिनं, पलीकडे एसी. रेघ अर्थात दादाने मारलेली. "एसी म्हणजे इंजिनाच्या खांद्यावर बसलेला पाहुणा," तो म्हणायचा. "काम काडीचं नाही आणि खायला पुढे." थंडोबा यावर हसायचा. तीस वर्षं तो त्याच वाक्याला हसत आला होता.

शेडच्या वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी, मागच्या खोलीत थंडोबा. त्याने लग्न केलं नाही. "भावजी मुलगी बघायला निघेपर्यंत तिला नातवंडं झाली," असं वहिनी सगळ्यांना सांगायची, आणि जेवताना त्याच्या ताटात न विचारता वाढायची.

दादाने आयुष्यात एकच चैन केली होती. कोणीतरी भंगारात काढलेली एक जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली आणि अकरा वर्षं खपून ती उभी केली. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, लांब नाकाची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखं. जागा दोघांचीच. कुठल्याशा थंड मुलखात बनलेली, म्हणून तिच्यात हीटर होता, एसीचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात तिची भट्टी व्हायची, इंजिनाची धग थेट पायांवर यायची. दर रविवारी सकाळी दादा आणि वहिनी त्या भट्टीत बसून डोंगराकडच्या रस्त्याला जात आणि घामाने निथळत, हसत परत येत.

दोन वर्षांपूर्वी दादाला हृदयविकाराचा झटका आला. तो त्यातून वाचला, पण बरा झाला असं काही म्हणवेना. पिवळ्या रेघेच्या अलीकडची बाजू ओस पडली. दादा वरच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायला लागला आणि हिरवी गाडी ताडपत्रीखाली गेली.

एका दुपारी वहिनी शेडमध्ये आली. "भावजी, एक काम आहे. सावकाश केलंत तरी चालेल."

"म्हणजे माझ्याच जोगं दिसतंय," थंडोबा म्हणाला.

"हिच्यात एसी बसवा." तिने ताडपत्रीवर हात ठेवला.

थंडोबाने हातातला पाना खाली ठेवला. "दादा माझा जीव घेईल."

"त्यांचा स्वतःचाच चाललाय त्या खुर्चीत. डॉक्टर म्हणतात, उन्हाला जपा, गाडी चालवायला हरकत नाही. हे म्हणतात, त्या उकाड्यात बसणार कसं? मग तो उकाडाच काढून टाका ना. मला ते पुन्हा गाडीत बसलेले बघायचेत, भावजी. दुसरं काही नको." ती ताडपत्रीची सुरकुती नीट करत राहिली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बसव. पण माझ्या गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. आणि कार्बोरेटरला हात लावायचा नाही. तो माझा."

धंद्यातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं की हा नकार आहे. गाडीत एसी बसवायचा म्हणजे दहा ठिकाणी ड्रिल चालवावी लागते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो असा. थंडोबा तेवढंच म्हणाला, "बरं."

पहिले तीन आठवडे तो नुसता टॉर्च घेऊन गाडीत बसला. वहिनी जिन्यावरून डोकावायची आणि कपाळाला हात लावून परत जायची. चौथ्या आठवड्यात त्याने हीटर काढला. त्या हीटरचे दोन नळ पत्र्यातून इंजिनाकडे जात होते, म्हणजे दोन भोकं कारखान्यानेच पाडून ठेवलेली होती. त्यातून त्याने गॅसचे पाइप नेले. हीटरच्या मापाची पत्र्याची पेटी हाताने ठोकून केली आणि तिच्यात कूलिंग कॉइल बसवलं. पहिली पेटी नखभर मोठी झाली, ती टाकून दुसरी केली. इंजिनाच्या कडेला बोल्ट बसवायचे दोन आटे रिकामे होते. कशासाठी ठेवले होते ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. त्यांच्यावर कॉम्प्रेसर टांगला. रेडिएटरच्या जुन्या बोल्टांनाच पट्ट्या कसून पुढे गॅस गार करणारा कंडेन्सर उभा केला. धग अडवायला पायांखाली जाड अस्तर घातलं. हीटरचं बटण होतं तसंच ठेवलं, आता ते फिरवलं की गार व्हायचं.

या सगळ्याला चार महिने लागले. दादा अधूनमधून वरून विचारायचा, "झालं का रे?" आणि "नाही" ऐकलं की त्याला बरंच वाटल्यासारखं दिसायचं.

गॅस भरून, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून, तो दोन दिवस थांबला. दाबाचा काटा हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने इंजिन चालू केलं आणि बटण फिरवलं. गार वारा आला, आणि इंजिनाला धाप लागली. ते अडखळलं, थरथरलं आणि बंद पडलं.

इथे घोडं पेंड खात होतं. कॉम्प्रेसरचं ओझं पडल्यावर इंजिनाची रेस थोडी वाढवायला हवी होती. कार्बोरेटरचा एक स्क्रू, पाव फेरा. थंडोबाला ते डोळे मिटून आलं असतं. पण तो "बरं" म्हणाला होता. त्याने पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं.

वहिनी खाली आली. "काय होतंय?"

"कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला हवा."

"मग फिरवा की."

"हात लावायचा नाही, असं ठरलंय."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "भावजी, तुम्ही दिसता तेवढे भोळे नाही हं." थंडोबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने सहाव्यांदा चावी फिरवली.

आठव्या वेळी जिन्यावर पावलं वाजली. कठड्याला धरत, एकेक पायरी उतरत दादा आला. "कानाला त्रास होतोय," तो म्हणाला, आणि कोणाकडे न बघता स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. तो वाकला, ऐकलं, जरासं फिरवलं, पुन्हा ऐकलं. इंजिन एका सुरात चालायला लागलं.

मग त्याने टॉर्च मागितला आणि भोक शोधायला लागला. बॉनेटखाली बघितलं, डॅशबोर्डखाली बघितलं, दम खात गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. थंडोबा परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा होता. वीस मिनिटांनी दादाने टॉर्च विझवला.

"नाही सापडलं."

"नाहीच आहे," थंडोबा म्हणाला. "बस आता."

दादा स्टिअरिंगपाशी बसला. वहिनीने खूण केली म्हणून थंडोबा शेजारी बसला. काचा वर होत्या, आत छान गार झालं होतं. पण दादाने गिअर टाकला नाही. स्टिअरिंगवरचे हात त्याने मांडीवर घेतले. थंडोबाला थांबायची सवय होती, तो थांबला.

"उकाड्याचं नव्हतं रे," दादा म्हणाला.

"मग?"

"त्या दिवशी छातीत दुखायला लागलं तेव्हा मी घरात होतो. तेच वळणावर लागलं असतं तर? तुझी वहिनी शेजारी असते. तिला ब्रेक कुठे ते माहीत नाही. मला भीती वाटते गाडीत बसायची. म्हणून तुला त्या अटी घातल्या. वाटलं, तुला जमायचं नाही, आणि मला नाही म्हणायला नको."

थंडोबाला आधी राग आला. चार महिने, दोन पेट्या, तीन आठवडे वाकून धरलेली कंबर. मग दादाचे हात दिसले, मांडीवर ठेवलेले, आणि राग टिकेना. या माणसाला भीती वाटू शकते हे त्याला आजवर सुचलंच नव्हतं. त्याला दादाची माया आली.

"उतर," तो म्हणाला. "मी चालवतो. माझ्या वेगात कोणाला काही होत नाही."

दादा हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, पोट धरून. वहिनीने फाटक उघडलं आणि हिरवी गाडी अशा बेताने बाहेर पडली की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. "तिसरा टाक," दादा म्हणत होता. "टाकतो," थंडोबा म्हणाला, आणि पूर्ण चक्कर दुसऱ्यातच मारली.

परत आले तेव्हा वहिनी फाटकातच उभी होती. दादा जागचा हलला नाही. त्याने काच खाली केली. "अगं, ये. त्याच्या जागेवर बस. आधी ब्रेक दाखवतो."

"मला? आत्ता या वयात?"

"ये गं."

थंडोबा उतरला. वहिनी हाताने कपडे सावरत स्टिअरिंगपाशी बसली आणि पायांखाली बघायला लागली. दादा तिच्याकडे वाकून, एकेक पेडल बोटाने दाखवत होता.

"आणि मी दाबला आणि थांबलीच नाही तर?" तिने विचारलं.

"थांबेल," दादा म्हणाला. "मी आहे ना शेजारी."

थंडोबाने दार हळूच लावून घेतलं, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.