तपासायला दिलेला खेळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निगडीहून निघोज्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कंपनीतलाच एक तरुण माझ्या शेजारी बसे. हातात मावणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी तो सी या संगणकाच्या भाषेत नवा खेळ वहीत लिही. त्या यंत्राची मेमरी एवढीशी, म्हणून एकेक ओळ खोडत राही. बोलणंही तसंच मोजकं.

खेळ पुरा झाल्यावर तो यंत्रात भरून त्यानं ते माझ्याकडे दिलं. “शेवटपर्यंत खेळा, भाऊ. अडकलं तर सांगा.”

आठवड्यानं मी परत केलं. “एक नंबर, राव! कुठं अडकत नाही.”

पुढं खेळ बनवणाऱ्यांच्या एका स्पर्धेत परीक्षकांसमोर तो खेळ मध्येच बंद पडला. “तुमच्याकडं चालला होता. म्हणजे नंतर माझ्याच हातून बिघडला,” तो म्हणाला. तेव्हापासून तो नुसता खिडकीबाहेर बघतो.

मी ते यंत्र एकदाही सुरू केलं नव्हतं. एवढं त्याला सांगण्याचं देणं मी लागतो.