सुरीला बाभळीची मूठ

आमच्या घरात किस्से आणि लाकडाचा भुसा यांचं एकच. सकाळी झाडून काढावा, तर दुपारी देव्हाऱ्यातसुद्धा सापडतो! सोमवारी महादेवाच्या देवळात बायका आरतीआधीच विचारायच्या, "मग, काकांची सुरी कुठवर आली?"

काका म्हणजे आमचे हे. रिटायर झाल्यापासून लातूरच्या घरात नुसते गप्प बसून असायचे. कारण नोकरी सुटली हे नव्हतं. रेणापूरचं शेत धाकटे भाऊजी बघतात. त्यांनी बांधावरची बाभूळ न विचारता तोडली. "पिकावर सावली पडत होती," भाऊजी म्हणाले. "बापानं राखलेलं झाड होतं ते!" हे म्हणाले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. माझे सोमवारचे उपास त्यांचं जुळावं म्हणूनच चालले होते.

*

एक दिवस हे नांदेडच्या भंगार बाजारातून पोतं घेऊन आले. आत जुना ग्राइंडर, जुनं ड्रिल. "सुरी करणार," म्हणाले. घरात विळी असताना सुरी कशाला? आणि कुणासाठी? विचारलं तर एकच उत्तर, "बघू."

घरात मशीन आलं म्हणजे पूजा आलीच. मी ग्राइंडरच्या चकतीला चांगलं बोट भरून हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. यांनी बटण दाबलं आणि सगळं कुंकू भिंतीवर, चष्म्यावर, पांढऱ्या बनियनवर!

आवाज ऐकून शेजारची सुनीता धावत आली. यांना बघून दारातच मटकन बसली. "काकू, काकांना दवाखान्यात न्या की लवकर!"

हे चष्मा पुसत म्हणाले, "मला काही झालं न्हाई. मशीन सवाष्ण झालीय!"

*

पातं जुन्या करवतीचं. ते निखाऱ्यात लाल करायचं आणि तेलात बुडवायचं, म्हणजे कडक होतं. नाहीतर वाकतं म्हणे. मी लांबून बघत होते. चर्र आवाज झाला, धूर निघाला, आणि वास ओळखीचा आला.

"अहो, हे तेल कुठलं घेतलं?"

"देव्हाऱ्याखालच्या डब्यातलं."

"शनिवारचं मारुतीचं तेल हाय ते!"

यांनी पातं डोळ्यासमोर आडवं धरलं, एक डोळा मिटून बघितलं. "म्हणूनच वाकलं न्हाई!"

पुढं तेच पातं मंद आचेवर शेकायचं होतं. त्यासाठी माझा नानकटाईचा ओव्हन लागला. सुनीता पुन्हा आली. "काय भाजलंय काकू, एवढा वेळ?"

"सुरी!"

ती चहा न घेताच गेली.

*

धार लागली नेमकी नागपंचमीला. आमच्याकडं त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं. हे मात्र ओट्यावर टोमॅटो मांडून त्याच्याकडं बघत बसलेले.

"आज न्हाई," मी म्हणाले.

"कापत न्हाई गं. नुसती टेकवून बघतो."

टेकवली. टोमॅटोचे दोन भाग झाले! मी नागोबाला हात जोडले. हे घाईघाईनं म्हणाले, "मी काही केलं न्हाई. तोच आत गेला!"

*

दुःख मुठीचं होतं. पहिली मूठ तुटक्या खाटेच्या पायाची. पितळी खिळा ठोकताना तडकली. दुसरी सुतारानं दिलेल्या तुकड्याची, तीही उकलली. मग यांची नजर माझ्या पूजेच्या चौरंगाकडं वळायला लागली. मी चौरंग धान्याच्या कोठीमागं लपवला.

एकदा सुरी माझ्या हातात द्यायला लागले. मी हात मागं घेतला. सुरी कधी हातात देऊ नये, भांडण लागतं. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची.

"ग्राइंडरला भीत न्हाईस, अन् ह्याला भितीस?" हे म्हणाले. पण खाली ठेवली. मग तडकलेल्या मुठीवर अंगठा फिरवत हळूच बोलले, "बाभूळ असती तर तडकली नसती."

मी आत जाऊन जाऊबाईंना फोन लावला. "त्या बाभळीचं काही उरलंय का हो?"

"सगळी सरपणाला गेली, अक्का. एक ओंडका तेवढा गोठ्यात ठेवलाय ह्यांनी. कुणाला हात लावू देईनात."

*

रविवारी भाऊजी स्वतः आले, ओंडका खांद्यावर घेऊन. यांनी ओंडक्याकडं बघितलं, भावाकडं नाही. भाऊजींनी ग्राइंडरकडं बघितलं. दुपारभर दोघं एकाच ओंडक्याला धरून राबत होते, आणि मी मधे!

"वहिनी, दादाला म्हणावं, मूठ जाड ठेव."

"अगं, सांग त्याला, जाड मूठ हातात बसत न्हाई."

"वहिनी, विचारा, हात कुणाचा?"

ग्राइंडर घरघरत होता, दोघांनाही माझा शब्द ऐकू जात नव्हता. तरी दोघं उत्तर देत होते! संध्याकाळी दोघांच्याही भुवया भुशानं सारख्याच पिवळ्या झालेल्या.

मूठ चिकटवून झाली. भाऊजी पिशवी उचलून बसकडं निघाले. हे भिंतीला म्हणाले, "गोंद वाळायला रात्र लागतीय."

भाऊजी राहिले.

*

सकाळी यांनी मुठीला जवसाचं तेल चोळलं. सुरी देवापुढं ठेवली, उचलली, आणि चहा पीत बसलेल्या भाऊजींसमोर गेले. मला वाटलं, दाखवायला नेली. तर हे म्हणाले, "तुझ्यासाठी केलीय."

आणि रीतीप्रमाणं ती खाली ठेवायला वाकले.

भाऊजींनी कप बाजूला सारला, हात पुढं केला. "हातातच दे, दादा. व्हायचं ते भांडण होऊन गेलंय!"