गच्चीवरच्या खोलीची खिडकी
वेलदोड्याचा वास आला की वादी अदाई भागातल्या आमच्या ओमानी घरमालकांची बैठक आठवते. मी हॉलमध्ये झोपायचे, म्हणून ते गच्चीवर खोली काढणार होते. निम्मा खर्च बाबांचा. "खिडकी नको, एसी आहेच," बाबांनी खर्च कमी केला. मला खिडकी हवी होती, पण तोंड उघडेना. तिथे रिकामा कप हलवून परत दिला की कहवा, म्हणजे वेलदोड्याची कॉफी, ओतणं थांबतं आणि पाहुणे उठतात. बाबांनी हलवला, मी हलवलाच नाही. मालक ओतत राहिले आणि शेवटी हसले, "बेटी, क्या चाहिए?" "खिडकी. पहाड की तरफ." "खलास, तय हुआ! खिडकी मेरी तरफ से." "अगं, घरी सांगायचंस ना!" बाबा पुटपुटले. आता दुपारी तिथून इतकं ऊन येतं की एसी हरतो. बाबांचंच बरोबर होतं, पण पडदा मी अजून लावलेला नाही.