शेवटच्या नळाचं पाणी

राज्य वेगळं झालं आणि आता सरकारी नोकऱ्या निघणार, या आशेनं जिल्ह्याजिल्ह्यांतली पोरं शहरात, आमच्या चिक्कडपल्लीत, स्पर्धा परीक्षांच्या क्लासला येऊन धडकली. आमच्या गल्लीत घराघरांची हॉस्टेलं झाली. तेव्हा मी एक धंदा काढला. माझ्या गच्चीवर लाकडावरचा मोठा बॉयलर, आणि तिथून गच्च्यांवरून पाइप टाकून हॉस्टेलांना सकाळचं गरम पाणी.

पाइपचं शेवटचं टोक मावशींकडे जायचं. सख्ख्या नव्हेत, पण आमच्याच नांदेडकडच्या. विधवा बाई, मुलींचं छोटं हॉस्टेल चालवून पोट भरायच्या. "माझा बंब बराय रे," त्या म्हणत होत्या. मीच मागे लागलो. माझ्या शब्दावर त्यांनी बंब मोडीत दिला.

पहिला हिवाळा झकास गेला. मग मागणी वाढली. "भाई, हमको बी देओ ना," म्हणत नवे हॉस्टेलवाले दारात यायचे. मला नाही म्हणता यायचं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंच नव्हतं. बॉयलर तोच, मधली कनेक्शनं वाढत गेली. मोठा पुढच्या वर्षी घेऊ, अशी मनाची समजूत घालत राहिलो.

थंडी पडली तशी मावशींनी गच्चीवरून हाक मारली. "काय रे बाबा, तुझं पाणी इथवर येता येता दमतं का?"

"थोडं वाहू द्या मावशी, येईल गरम."

"अर्धी सकाळ वाहू दिलं. पोरी शिंकत क्लासला गेल्या."

मी हसलो. त्याही हसल्या. पाणी का येत नाही ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी नवा बंब तरी आणला असता. मी मात्र रोज काहीतरी नवं सांगायचो. पाइपात हवा अडकली, लाकूड ओलं निघालं.

एकेक करून मुली दुसरीकडे गेल्या. काही तर माझंच पाणी घेणाऱ्या नव्या हॉस्टेलांत. संक्रांतीनंतर मावशींनी हॉस्टेल बंद केलं. भावाकडे जायला निघाल्या तेव्हा मला बोलावून म्हणाल्या, "तेवढा नळ काढून ने, घरमालक कटकट करेल. आणि मनाला लावून घेऊ नको. तू चांगल्यासाठीच केलंस."

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मी पाना फिरवत राहिलो.

टोक बंद केलं, तिकडे वाहून जाणारं पाणी वाचलं, आणि दुसऱ्याच सकाळी गल्लीभर पाणी कडकडीत आलं. "अब बराबर है, भाई," हॉस्टेलवाले खूश झाले. त्याच आठवड्यात मी आणखी एक कनेक्शन दिलं.