दुपारच्या बॅचला लाईट नसते

कॉम्प्युटरचं काम मुलींना बरं, सावलीत बसून करायचं, असं कोणी माझ्यासमोर म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. सावलीत मी तीन महिने बसले आहे. भिवंडीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, बंद पंख्याखाली, बंद मॉनिटरसमोर, वही उघडून. त्या तीन महिन्यांत मी वेब डिझायनिंग शिकले असं एका कागदावर छापलेलं आहे, खाली सही आणि शिक्का आहे, आणि तो कागद धडधडीत खोटा आहे.

माझं गाव अंजूरच्या बाजूला. शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती ते दिवस, दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं. आमच्याही जमिनीवर एक गोदाम उभं राहिलं होतं आणि वडील त्याच्या किल्ल्या कमरेला लावून फिरत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. एकदा एका मैत्रिणीबरोबर सायबर कॅफेत गेले, तिचा निकाल बघायला. निकाल उघडायला वेळ लागत होता, म्हणून तिनं उगाच माऊसचं उजवं बटण दाबलं, काहीतरी निवडलं, आणि त्या रंगीत पानाच्या मागचं पान उघडलं. काळी अक्षरं, कंस, मध्ये मध्ये ओळखीचे शब्द. सेंटर. टेबल. कलर. मैत्रीण घाबरली, म्हणाली बंद कर, काहीतरी बिघडलं. मी मात्र बघतच राहिले. एवढं सगळं दिसतं ते कोणीतरी असं ओळीनं लिहून ठेवलंय म्हणून दिसतं, आणि ओळीनं लिहिणं तर मला येतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

घरी महिनाभर धोशा लावल्यावर वडील तयार झाले. त्यांची अट एकच. "हितली परीक्षा पास झालीस, तं ठाण्याला पुढचा कोर्स. न्हाय झालीस, तं घरी. मंग मना काय सांगायचं न्हाय." मी लगेच हो म्हटलं. क्लासमध्ये नाव घालायला ते स्वतः आले. मी बाहेर बाकड्यावर बसले होते, आत ते आणि सर बोलत होते. दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, दुपारची बॅच, दोन ते पाच. संध्याकाळच्या बॅचला सगळी मुलं असतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली. ती गेल्याचं आम्हाला पंख्यावरून नाही, मागच्या कापडाच्या यंत्रमागांवरून कळलं. अख्ख्या गल्लीत दिवसरात्र चाललेली ती खडखड एकदम थांबली आणि खालचा चहावाला कोणाला तरी हाका मारतोय तेसुद्धा ऐकू यायला लागलं. सर म्हणाले, "लोडशेडिंग आहे, वह्या काढा." दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वाजून पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यात कधीतरी एखाद्या दुपारी वीजवाल्यांना आमची दया यायची, तेव्हा चौघींत एक मशीन मिळायचं, आणि त्या चौघींतली जी सगळ्यात धीट तीच कीबोर्डवर हात ठेवायची. बाकीच्या आम्ही तिच्या खांद्यावरून बघायचो, आणि मशीन सुरू होऊन पान लिहायला घेईपर्यंत लाईट परत जायची.

आम्ही सातजणी होतो. सर फळ्यापाशी उभे राहून सांगायचे आणि आम्ही लिहायचो. "लेस दॅन, एचटीएमएल, ग्रेटर दॅन. खाली लेस दॅन, हेड, ग्रेटर दॅन." पाढे म्हणावेत तसं सगळं चालायचं. उघडलेला टॅग, म्हणजे कंसातला शब्द, बंद करायचा, मोठं अक्षर हवं तर हे, सरकती ओळ हवी तर ते, मागचा रंग पिवळा हवा तर असं. मला सगळं पाठ झालं. रात्री जेवताना आई काही विचारायची आणि माझ्या तोंडात टेबलाच्या ओळी न् रकाने असायचे. वही मी जीव लावून लिहिली. लाल शाईनं टॅग, निळ्या शाईनं आतला मजकूर. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर, मधोमध, श्री. पान कोरं सुरू करायचं नाही ही सवय पहिलीपासूनची, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पाचजणींच्या वह्यांत श्री होतं. उरलेल्या दोघी निजामपुऱ्याकडून यायच्या, त्यांच्या वहीत प्रत्येक पानावर ७८६.

दर शनिवारी सर वह्या तपासायचे. श्रीपासून शेवटच्या टॅगपर्यंत एक उभी रेघ, खाली बरोबरची खूण, सही. माझ्या वहीवर तर त्यांनी 'उत्तम' लिहिलं होतं. हा शब्द आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी एकदा विचारलंही होतं. सर, आम्ही मशीनवर कधी बसायचं? सर हसले. "अगं, बेसिक पक्कं झालं ना की मशीन काय, दोन दिवसांचं काम आहे. ती संध्याकाळची पोरं बघ, नुसती गेम खेळत बसतात." मला वाटलं, खरंच की. मला पाठ होतं आणि त्यांना नव्हतं, याचा मला गर्व चढला होता. ते खेळता खेळता शिकत होते आणि मी शिकता शिकता नुसती बसून होते, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. माझाही राग येतो तो इथेच.

परीक्षा मात्र संध्याकाळी सहाला ठेवली, लाईट असताना. बाहेरून एक परीक्षक आले होते. दोन्ही बॅच पहिल्यांदाच एकत्र. मुलं आली ती आपापल्या ठरलेल्या मशीनवर जाऊन बसली, खुर्च्या कशा मागेपुढे करायच्या हेही त्यांना माहीत होतं. आम्ही सातजणी भिंतीपाशी उभ्या, कुठे बसा म्हणतात याची वाट बघत. प्रश्न सोपा होता. कापडाच्या दुकानाची तीन पानं करायची, एकमेकांना जोडायची, एका पानावर भावाचं टेबल. मला ते झोपेतही आलं असतं.

नोटपॅड उघडून दिलं. आणि मला लेस दॅनचं बटण सापडेना. वहीत मी ते दीड हजार वेळा काढलं असेल, कीबोर्डवर ते कुठे राहतं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या मुलानं माझ्याकडे न बघता हळूच सांगितलं, "शिफ्ट दाब, कॉमावर आहे." एकदा ते बटण सापडल्यावर मी सुटले. वहीतलं पान डोळ्यांसमोर होतं. वरपासून खालपर्यंत जसंच्या तसं उतरवलं. वेळेआधी दहा मिनिटं झालं सुद्धा.

परीक्षक एकेक मशीनवर येऊन पान उघडून बघत होते. माझं उघडलं. पिवळा रंग आला, मोठ्या लाल अक्षरांत दुकानाचं नाव आलं, टेबल आलं. माझं काळीज एवढं मोठं झालं. मी केलेलं पान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग परीक्षकांनी बोट स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे, डावीकडे, बारीक काळ्या अक्षरांत, इंग्रजी लिपीत लिहिलेलं होतं, श्री.

"हे काय आहे?"

"सर, ते... पानाच्या वर लिहितात ना."

"कोण लिहितं?"

त्यांनी पुढच्या मुलीचं पान उघडलं. श्री. त्याच्या पुढचं. ७८६. सातच्या सात. एकमेकींना न विचारता आम्ही सातजणींनी आपापला देव वेबसाईटच्या डोक्यावर बसवला होता. संध्याकाळच्या बॅचमधून एक हसला, मग सगळे हसले. सरही हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी सरांना विचारलं, "यांनी याआधी एकही पान उघडून बघितलेलं नाही का?" सर म्हणाले, "नाही नाही, प्रॅक्टिकल झालंय सगळं. मुली आहेत, गोंधळतात."

तेव्हा मला कळलं, कंसाबाहेर जे लिहाल ते पानावर जसंच्या तसं उमटतं. ज्यानं एकदा, फक्त एकदा, आपलं पान उघडून बघितलं असतं, त्याला ते अक्षर दिसलं असतं आणि पुढच्या वेळी त्यानं ते टाकलं नसतं. आमच्या देवांनी आमच्या सरांची चोरी पकडून दिली होती आणि हसं आमचं झालं होतं. त्या एका अक्षरापायी आम्ही सातहीजणी नापास झालो. मुलं सगळी पास, त्यात एकाचं टेबल उघडलंसुद्धा नव्हतं.

चार दिवसांनी सरांनी वडिलांना बोलावून घेतलं. मी बरोबर गेले. सरांनी खणातून सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. सगळं इंग्रजीत, माझं नाव आणि खाली 'पास'. "काका, मी वर बोलून करून घेतलंय. मुलींना काय, बायोडेटात लिहायला लागतं. पोरगी हुशार आहे, वही बघा तिची." वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी हात जोडले. मी नाही जोडले.

"सर, मी तीन महिन्यांत मशीनवर किती तास बसले?"

"अगं, आता पास झालीस ना?"

"किती तास?"

"लाईट काय माझ्या हातात आहे का? आणि दुपारी लाईट नसते हे मी तुझ्या वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतं ना, काका? तुम्हीच म्हणालात चालेल, सहाच्या आत घरी येऊ दे."

मी वडिलांकडे बघितलं. ते सर्टिफिकेटवरची अक्षरं वाचत होते. त्यांना तेवढं इंग्रजी येत नाही.

चार दिवस मी त्या माणसाला शिव्या घालत होते, वीजवाल्यांना घालत होते, स्वतःला घालत होते. आणि मला अंधारात बसवायचं ठरवलं होतं ते माझ्याच घरातल्या माणसानं, मी बाहेर बाकड्यावर पाय हलवत बसलेली असताना. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. रडू येईल असं वाटलं, पण ते आलंच नाही.

रिक्षात बसल्यावर वडील म्हणाले, "झाला ना मनासारखा? पास झालीस."

"तुम्हाला म्हाईत हुतं."

"काय?"

"दुपारची लाईट न्हाय, ता. तुम्हाला म्हाईत हुतं."

त्यांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग म्हणाले, "तुला शिकायचं हुतं, शिकलीस. वही भरली. सांजंचं तुला कोन आनील? लोकं काय बोलतील?" आणि थोडं थांबून, "आन् आता ठाण्याला कशाला जायाचं? सर्टिफिकेट तं हाय."

म्हणजे तेही गेलं. ज्या कागदासाठी मी धडपडले तोच आता माझ्या वाटेत आडवा घातला होता. मी तो त्यांच्या हातातून घेतला, फाडला नाही, नीट घडी करून त्यांच्याच शर्टाच्या खिशात ठेवला.

"ह्या तुमचा. मना नको. उद्यापासून मी सांजंच्या बॅचला बसनार. सर न्हाय म्हनाला तं त्या परीक्षकाला जाऊन सांगीन, सातजणींच्या वह्या घेऊन. तुम्हाला लोकांची भीती वाटतं, तं खाली येऊन बसा. मी वर बसनार."

रिक्षावाला आरशातून बघत होता. वडिलांनी त्याला पुढे बघायला सांगितलं, मला काहीच सांगितलं नाही.

सर नाही म्हणाले नाहीत. वह्यांचं नाव काढल्यावर त्यांना एक मशीन सापडलं. आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता वडील खरंच आले. खालच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून. आठला मी उतरायचे, आम्ही एकाच रिक्षानं घरी जायचो, एक शब्द न बोलता. असे तीन महिने. गावात लोक काय बोलले असतील ते बोलले असतील, मला त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परीक्षा मी पुन्हा दिली, पास झाले, ठाण्याला गेले. आज याच कामावर माझं पोट आहे. बाकीच्या सहाजणी परत आल्या नाहीत. त्यांच्यासाठी खाली येऊन बसणारं कोणी नव्हतं. त्यांना मी बोलवायलाही गेले नाही, आणि हा राग दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

संध्याकाळच्या बॅचच्या शेवटच्या आठवड्यात एकदा वडील वर आले. पाऊस नव्हता, उशीर नव्हता, काही कारण नव्हतं. खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. मी आमच्या गोदामाचं पान केलं होतं, सरावाला. किती फूट, रस्ता केवढा, ट्रक कुठून वळतो, एवढंच. त्यांनी वाकून बघितलं. स्वतःचं नाव त्यांना वाचता आलं, मराठीत होतं.

"ह्याच का ता?"

"हा."

"एवढ्यासाठी?"

लोक म्हणतात अशा वेळी बापाचे डोळे भरून येतात, मुलगी विरघळते. त्यांचे भरले नव्हते आणि मी विरघळले नाही. मी मागे वळूनही बघितलं नाही.

"हा," मी म्हटलं, "एवढ्यासाठीच. आन् तुम्ही मना तीन म्हयने अंधारात बसवलीत."

ते जिना उतरून खाली गेले आणि आठ वाजेपर्यंत बसून राहिले.