न केलेल्या चोरीची आठवण

नोकरीतली ती घटना काही केल्या मनातून जात नाही. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा येवल्याच्या बाजूला एका ठाण्याचा फौजदार होतो. हद्दीतल्या एका खेड्यात देवीचा चांदीचा मुखवटा देवळातून चोरीला गेला. पंचनामा झाला, जबाब झाले, पण धागा काही मिळेना. आणि एका सकाळी चोर आपल्या पायांनी ठाण्यात हजर झाला. पोलिसाच्या नशिबात असले भाग्य सहसा नसते.

पन्नाशीचा शेतकरी होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, मुखवटा मीच नेला. मला आत टाका."

हवालदार खूश. "साहेब, मुद्देमाल काढू आणि मोकळे होऊ."

मुद्देमाल निघेना. त्याने विहीर दाखवली, कडब्याची गंजी दाखवली. गंजी उपसून आमच्या अंगाला खाज तेवढी सुटली. काही सापडले नाही की तो रडायचा. खोटे बोलणारा उघडा पडला की चिडतो किंवा गप्प बसतो. हा स्वतःवरच हताश होत होता. मला त्याची दया येऊ लागली. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "बाबा, उचललात कसा, तेवढे सांगा."

"अंधार व्हता साहेब. मुखवटा गार लागला, लय जड. नथीची तार अंगठ्यात घुसली." सांगताना तो अंगठा चोळत होता. इतके बारीक कोणी रचून सांगत नाही.

"हे तुम्हाला आठवले कधी?"

तो गोंधळला. "कौल निघाल्यावर."

मग उलगडा झाला. आमचा तपास रेंगाळला म्हणून गाव भगताकडे गेले होते. त्याने एकेकाच्या नावाने तांदळाचे दाणे टाकले आणि कौल याच्यावर लागला. पारावर जो तो विचारू लागला. शेवटी बायकोही म्हणाली, "तुम्ही नेला असंल तर देऊन टाका ना." त्यानंतर याला सगळे डोळ्यांसमोर दिसू लागले.

मी पुजाऱ्याला बोलावून दागिन्यांविषयी पुन्हा विचारले. तो चाचरला. नथ चोरीच्या आधीच सोनाराकडे दुरुस्तीला गेली होती. देवळाच्या पंचांना न विचारता दिली, म्हणून जबाबात बोलला नव्हता. म्हणजे चोरीच्या रात्री मुखवट्याला नथच नव्हती! मग तार टोचली केव्हा? तेही पुजाऱ्यानेच सांगितले. यात्रेआधी दरवर्षी मुखवटा नदीवर नेऊन धुण्याचा मान या शेतकऱ्याच्याच घराचा. गारवा, वजन, टोचणे, सगळे खरे होते. फक्त ते चोरीचे नव्हते.

त्याच सुमारास खबऱ्याने सातपूरहून बातमी आणली. पितळ ओतणाऱ्या कारखान्यांत एक जण चांदी वितळवून मिळेल का, असे विचारत फिरत होता. त्याच्या खोलीवर छापा घातला. मुखवटा कपाळावर चेपलेला, पण अखंड मिळाला. चोर यात्रेत पाळणे लावायला येणारा, बाहेरचा माणूस होता.

मी शेतकऱ्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "पण साहेब, मला दिसतंय की अजून." मी नदीची गोष्ट समजावली. त्याने मान हलवली, पटले मात्र नाही.

कोर्टाने मुखवटा गावाच्या ताब्यात दिला. यात्रेआधी धुवायला काढला, त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. गाव खाली मान घालून उभे आणि हा हात मागे बांधून. तेव्हा त्याची बायको पुढे झाली. मुखवटा उचलून तिने त्याच्यापुढे धरला. "घ्या. मी इचारायलाच नको व्हतं." ती सर्वांदेखत रडली. त्याने मुखवटा घेतला आणि नदीकडे चालू लागला.

कबुली देणाऱ्याला मी पुढे नेहमी विचारत आलो, "आठवले कधी?" माणसाची आठवण त्याच्या एकट्याची नसते. चार माणसे तिच्यात हात घालतात, हे मला या प्रकरणाने शिकवले. बदली होऊन निघालो तेव्हा तो भेटायला आला. मी विचारले, "अजून दिसते का?"

"दिसतं साहेब," तो म्हणाला. "पण आता त्यात उजेड असतो."